खाल्ल्या मिठाला

आमच्याकडे भांडी घासायचं मशिन आलं ते मावशींच्या खाड्यांमुळे. कॅलेंडरवर दूधवाल्याचे निळे गोल आणि मावशींचे लाल, अशी आमची जुनी पद्धत. फेब्रुवारीसारख्या तोकड्या महिन्यात सहा लाल गोल पडले आणि घरात ठराव मंजूर झाला. मावशींकडे केर-फरशी ठेवली, भांडी काढून घेतली. मंत्रिमंडळात एखाद्याचं गृह खातं काढून त्याला पशुसंवर्धन देतात, तसं. मावशी काही बोलल्या नाहीत. ‘‘बघा काकू, तुमची सोय,’’ एवढंच म्हणाल्या.

हे यंत्र जन्मलंच मुळी अशा रागातून. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफीन कॉक्रेन नावाच्या बाई होत्या. नोकरमाणसं घासताना उंची बशांचे टवके उडवतात म्हणून त्या वैतागल्या आणि त्यांनी यंत्रच काढलं, असं सांगतात. नवरा मागे कर्ज ठेवून वारला, तरी बाई डगमगल्या नाहीत. २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळवलं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र मांडलं. गिऱ्हाईक मात्र हॉटेलवाले. घरोघरी तेवढं गरम पाणी होतं कुठे? बाईंच्या जिद्दीला नमस्कारच आहे. फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर बशा होत्या, आमच्या ओट्यावर परात आहे.

बशी मशिनच्या दातऱ्यांत शहाण्या मुलासारखी उभी राहते. आपलं काठाचं ताट शेजारच्यावर रेलून बसतं. वाटीचं तर विचारूच नका. रात्री पालथी घालावी, तर आतल्या फवाऱ्याच्या जोराने ती उताणी होते आणि सकाळी काठोकाठ भरलेली सापडते. मग लोखंडी तवा आत घालायचा नाही, गंज चढतो. पोळपाट-लाटणं घालायचं नाही, तडकतं. तांब्या-पितळेचं घालायचं नाही, कळा जाते. अॅल्युमिनियमचं घालू नका असं माहितीपत्रकात लिहिलं होतं, पण ते आम्ही कुकरचं भांडं काळंठिक्कर पडल्यावर वाचलं. एवढं वगळून उरतं काय? स्टीलच्या ताटल्या, काचेचे पेले आणि चमचे. म्हणजे मावशी ज्यांच्याकडे ढुंकूनही न बघता दोन मिनिटांत हातावेगळे करायच्या, तेवढेच. अवजड खातं माझ्याकडे आलं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र मशिनची ऐट काही विचारू नये. पहिल्याच दिवशी त्याने बुडाच्या टाकीत किलोभर मीठ खाल्लं. घरचं चालत नाही, आयोडीनवालं नको, जाड खड्यांचं खास मीठ लागतं. कारण आमचं पाणी. खडकवासल्याचं पाणी तसं मऊ, पण ते आमच्या सोसायटीपर्यंत पोचेतो उन्हाळा संपतो. तोवर बोअर आणि टँकर. त्या पाण्यातले चुन्याचे क्षार पेल्यांवर पांढरे डाग पाडतात, म्हणून मशिनच्या पोटात राळेचे मणी असतात, ते क्षार धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजेतवाने होतात. टँकरचं पाणी जितकं जड, तितकं मीठ जास्त. खाल्ल्या मिठाला जागणं हा प्रकार त्याच्या माहितीपत्रकात नाही. मीठ संपलं की ते फक्त लाल दिवा लावतं.

मिठाखेरीज पेल्यांना चकाकी आणणारं निळं पाणी लागतं आणि दर खेपेला एक वडी. एका वडीच्या पैशात नाक्यावरचा वडापाव येतो. मावशींनी नवी तारेची घासणी मागितली, तर ‘गेल्याच महिन्यात दिली ना?’ असं विचारणारं आमचं घर हे. पण मशिनला ‘गेल्याच रात्री वडी दिली ना?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही.

त्यातून सौ. मशिनमध्ये ठेवण्याआधी सगळी भांडी विसळून घेते. वास्तविक याची गरज नसते. खरकटं काढून टाकलं की पुरे, वडीतली द्रव्यं डाळीभाताचा राप खातातच, त्यासाठीच ती घातलेली असतात. हे मी तिला माहितीपत्रकासह दाखवलं. ‘‘असं कसं? बरं दिसतं का ते?’’ ती म्हणाली. मावशींसमोर आम्ही करपलेल्या सायीचं पातेलं रात्रभर वाळवून ठेवत असू. तेव्हा बरं दिसायचा प्रश्न आला नव्हता.

यंत्रापुढे माणूस किती अदबीने वागतो, ते मी न्यू जर्सीत साडूंच्या घरीही पाहिलं होतं. त्यांच्या सिंकच्या तोंडाखालीच खरकटं भरडायची चक्की बसवलेली. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२७ साली ही शोधली. पलीकडे न्यूयॉर्क शहरात ती घरात बसवायला १९९७ पर्यंत बंदी होती, कारण तिथली जुनी गटारं. त्या शहराला आपल्या गटारांची एवढी काळजी, हे ऐकून पुणेकर म्हणून मला गहिवरून आलं होतं. मी आपला समजत होतो, आत धारदार पाती असतील. पाती नसतात. एक तबकडी गरागरा फिरते, तिच्यावरचे दोन ठोकळे घास कडेला भिरकावतात आणि तिथल्या दातेरी कड्यावर तो किसला जातो. आधी थंड पाणी सोडायचं, मग बटण. गरम पाणी सोडलं तर तूपतेल वितळून पुढे नळात त्याचा थर बसतो. एवढं सगळं शिकून मी मोठ्या विश्वासाने शेवग्याच्या शेंगांचा चोथा आणि उरलेला भात आत ढकलला. घुर्र झालं, मग नुसतं गुणगुण, मग शांत. शेंगांचे धागे तबकडीला गुंडाळले गेले होते आणि भात खालच्या वाकणात फुगून बसला होता. बकासुराला गाडाभर भात लागायचा; याला वाटीभराने ठसका लागला. साडू वीज बंद करून सिंकखाली आडवे झाले, बुडाच्या भोकात किल्ली घालून तबकडी हाताने मोकळी केली, लाल बटण दाबलं आणि बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. उरलेले तीन आठवडे मला सिंकपाशी उभं राहू दिलं नाही.

असो. आमच्या मशिनने चौथ्या महिन्यात असहकार पुकारला. साडेतीन तास आतून व्यवस्थित आवाज यायचा आणि वरच्या कप्प्यातली भांडी जशीच्या तशी. कंपनीला फोन लावला. माणूस ‘मंगळवारी दहा ते सहाच्या दरम्यान’ येणार होता. कुठल्या मंगळवारी, ते मी विचारायला हवं होतं. मावशी अर्धा तास उशिरा आल्या तर आम्ही दारात घड्याळाकडे बघत उभे राहायचो. त्या मंगळवारी आम्ही तिघं घरात थांबलो, त्याच्यासाठी चहाचं आधणही ठेवलं. तो आला नाही.

शेवटी मीच बुडाची गाळणी फिरवून काढली. कढीपत्ता, लिंबाच्या बिया, एक रबरबँड आणि या सगळ्यांना सांधणारा करडा लगदा. जुना टूथब्रश घेऊन मोरीत उकिडवा बसून ती जाळी घासत होतो. मशिनचा भांडीवाला म्हणून माझी नेमणूक झाली, हे तेव्हा लक्षात आलं. मावशी फरशी पुसत दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

‘‘काका, वरचा पंखा काढला का?’’

‘‘कुठला पंखा?’’

त्यांनी हात कोरडे केले, वरच्या कप्प्याखालचा फवाऱ्याचा दांडा अलगद सोडवला, उजेडात धरला. भोकाभोकात एकेक मोहरी, मोजून बसवल्यासारखी. पदराची सेफ्टीपिन काढून मावशींनी एकेक दाणा टोकरला. ‘‘फोडणीचं खरकटं आधी कागदानं पुसून काढायचं. समोरच्या विंगेत तीन घरी मीच लावते की मशिन. आणि ती वाटी अशी नका ठेवू, तिरकी ठेवा, दातऱ्यात अडकवून.’’

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मग अत्यंत गोड आवाजात, जो ती सहसा माहेरच्यांसाठी राखून ठेवते, तिने विचारलं, ‘‘मावशी, आमच्याकडेही लावाल का?’’

मावशींनी दर सांगितला. भांडी घासायचे आधी जे होते ते, वर मशिन लावायचे वेगळे. मोठी भांडी हातानेच घासावी लागतात, त्यामुळे त्यांचे कमी होणार नाहीत. गाळणी महिन्यातून दोनदा, पंख्यासकट. मीठ आम्ही आणायचं.

‘‘आणि काकू, गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा मशिनला सुट्टी असती ना?’’

‘‘असते की,’’ सौ. म्हणाली.

‘‘मग माझी पण गुरुवारी.’’

तेवढ्यात मशिनचा मिठाचा दिवा लागला. सौ. कॅलेंडरपाशी गेली, लाल पेन हातात घेतलं, जरा वेळ उभी राहिली आणि ते दूधवाल्याच्या निळ्याशेजारी परत ठेवून दिलं.