मोजकेराव

"आम्ही अगदी मोजकंच घेणार आहोत," असं कोणी न विचारता सांगणारा तिशीतला गृहस्थ भेटला, की ओळखावं, घरात पाचवा महिना लागलाय. हे मोजकेराव. कोथरूड, बाणेर, ठाणे, कुठेही आढळतात. यांच्या आजोबांना स्वतःची मुलं किती हे सांगताना बोटांचा आधार घ्यावा लागे. नातवाने मात्र अजून जन्माला न आलेल्या एकासाठी चार रकान्यांची एक्सेल शीट केलेली असते: वस्तू, गरज, पर्याय, शेरा.

मोजकेरावांचं वैर पसाऱ्याशी. बटण दाबलं की किंचाळणारी प्लॅस्टिकची बदकं, फरचे बूट, सॅटिनचे फ्रॉक हे सगळं त्यांना वर्ज्य. इथवर मी त्यांच्याशी सहमत आहे. पण आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे ठरवण्यासाठी ते वाचायला लागतात, आणि तिथे घात होतो.

वाचता वाचता ते फिनलंडला पोहोचतात. तिथलं सरकार 1938 पासून गरीब आणि 1949 पासून सगळ्याच गरोदर बायकांना एक खोकं देतं. त्यात बाळाचे कपडे, पांघरूण आणि तळाशी बसेल अशी गादी. सामान काढून घेतलं, की त्याच खोक्यात बाळ झोपतं. मोजकेराव भारावतात. पुढचे कित्येक दिवस ऑफिसात दुपारच्या डब्याला फिनलंड तोंडी लावायला असतं. "लागतं काय हो बाळाला? एक खोकं!" मग तसं खोकं मागवायला बसल्यावर त्यांना कळतं, की पुठ्ठ्याचं साधं खोकं परदेशातून आणलं तर पोस्टाच्या खर्चात तुळशीबागेतला पाळणा येतो. तेव्हा तडजोड म्हणून ते लाकडी कॉट घेतात. बिनरंगाची, बिननक्षीची, आणि म्हणूनच रंगीत नक्षीदार कॉटपेक्षा महाग. साधेपणाचा बाजारभाव असा असतो, हे त्यांच्या 'शेरा' रकान्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

त्यात त्यांच्या आईचा दंडक: बाळ जन्मायच्या आधी घरात काही आणायचं नाही. मग पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर येतात. मोजकेरावांच्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा उरत नाही. मसलिनची कापडं, बांबूच्या धाग्याची झबली, दूधबाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र. आपल्या देशात बाटल्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, हे तेच सगळ्यांना ऐकवत असतात. मग यंत्र कशाला? "असू दे." मोजक्या वस्तूंच्या यादीला हे दोन शब्द लागले, की तिचं मोजकेपण संपलं.

एवढ्या अभ्यासात एक बारीकशी गोष्ट मात्र राहून जाते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. बायको सातव्या महिन्यातच सांगलीला गेलेली असते. बाळ येणार सांगलीला आणि नवजात बाळाची खोली सजली आहे बाणेरला.

सांगलीत सासूबाईंकडे यादी नसते, बोचकं असतं. जुन्या नऊवारीची धुऊन धुऊन मऊ झालेली दुपटी, त्रिकोणी लंगोट, मागे बंद बांधायची झबली, कानांवरून येणारी कुंची. पहिलं झबलं भाच्याचं, वापरलेलं. नवं कापड बाळाला टोचतं, हे सासूबाईंना कोणत्या वेबसाइटने सांगितलेलं नसतं. दिवसभरात किती दुपटी भिजतात याची नोंद नाही. दोरी भरली, की समजायचं बाळाला दूध पुरतंय. बालरोगतज्ज्ञही पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा शू झाली का, हेच विचारतात.

मोजकेराव रोज रात्री फोनवरून लढतात. "आई, मध चाटवू नका हं. वर्षाच्या आत मध नाही." ही लढाई ते जिंकतात, आणि जिंकायलाच हवी, मधातून होणारी विषबाधा तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. सहाणेचा प्रश्न अवघड.

"गुटी उगाळूनच तुम्ही एवढे मोठे झालात ना, जावईबापू?"

"सहा महिने अंगावरचं दूध, आई. पाणीसुद्धा नको म्हणतात."

सासूबाई सहाण माळ्यावर टाकतात. मोबदल्यात तीट मागून घेतात. डोळ्यांपासून लांब, तळपायाला, या अटीवर मोजकेराव ती मंजूर करतात. राईच्या उशीवरून मात्र दोन दिवस फोन बंद असतो. डॉक्टरांनीही बाळाच्या डोक्याखाली उशी नको म्हटल्यावर ती उशी मोजकेरावांच्या सासऱ्यांकडे जाते. त्यांची मानदुखी थांबते.

तिसऱ्या महिन्यानंतर बाळ बाणेरला येतं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढतं, हा आकडा शीटमध्ये होता. तो झबल्याच्या मापाला लावून बघायचं राहिलं. बांबूच्या धाग्याचं पहिलं झबलं बाळाच्या कोपरापाशी अडकतं. कॉटवर टांगलेले लाकडी पक्षीही उशिराच कामाला लागतात. पहिल्या आठवड्यांत बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं सगळं धूसरच दिसतं, म्हणून मुद्दाम काळे-पांढरे निवडलेले. आता बाळाला ते स्पष्ट दिसतात आणि ते भोकाड पसरतं. कॉट वाळलेले कपडे ठेवायला उत्तम ठरते. रोज वापरात काय, तर बोचक्यातली दुपटी, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आणि एक बादली. बादली मोजकेरावांच्या यादीत कधीच नव्हती.

हल्ली मोजकेरावांनी नवी फाइल उघडली आहे. सहावा महिना जवळ आलाय, उष्टावण. या वेळी खरोखरच मोजकं: एक वाटी, एक चमचा. बांबू, सिलिकॉन, स्टील आणि गव्हाच्या कोंड्याची, अशा चार प्रकारच्या वाट्यांचा तुलनात्मक तक्ता त्यांनी सासूबाईंना पाठवला. तिकडून लगेच फोन आला.

"जावईबापू, वाटी मामा आणतोय. चांदीची. तुम्ही फक्त पाटावर बसा."

मोजकेराव क्षणभर थांबले.

"हॉलमार्क असलेली ना, आई? आणि पाट कुठल्या लाकडाचा आहे?"