वादीचं पोट

वादीचं पोट तारखेच्या आदल्या रात्री दुखू लागतं, पुकाऱ्याच्या वेळी असह्य होतं आणि दावा काढून टाकल्याचं कानावर आलं की हळूहळू उतरतं. डॉक्टर सक्त विश्रांती सांगतात. ती किती दिवसांची हे पोट ठरवत नाही, मुदतीचा कायदा ठरवतो. काढून टाकलेला दावा पुन्हा फायलीवर घ्या असा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. म्हणून सर्टिफिकिटावरचं पोट अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या दिवशी खडखडीत बरं होतं आणि थेट अर्जावर सही करायला येतं. एकतिसावा दिवस उजाडला तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आला, त्याला वेगळं प्रतिज्ञापत्र आलं, आणि पोटाला आणखी थोडं दुखावं लागलं.

जाणते वादी मूळव्याध निवडतात. त्या विषयात उलटतपास फार खोल जात नाही.

कायद्याने पोटाचं नाव घेतलेलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ९ फक्त ‘पुरेसं कारण’ मागतो. पण हा आदेश नीट वाचला तर अंगावर काटा येतो. पुकाऱ्याला वादी आणि प्रतिवादी दोघेही आले नाहीत, तर दावा निघतो. मात्र मुदत शिल्लक असेल तर वादी नवा दावा लावू शकतो. प्रतिवादी आला आणि वादी तेवढा आला नाही, तर त्याच कारणावर नवा दावा लावायची वाट बंद. जुनाच परत मागायचा. म्हणजे गैरहजर राहायचं तर प्रतिवादीला सोबत घेऊन राहावं. वीस वर्षं ज्याच्याशी बांधावरून बोलणं नाही, त्याला आदल्या संध्याकाळी गाठून म्हणावं, ‘अण्णा, उद्या आपण दोघेही जाऊ नये.’ कायद्याला समेट हवा असतो म्हणतात, तो बहुधा हाच.

मरणाचे दर वेगळे आहेत. वादी वारला तर वारसांची नावं लावायला ९० दिवस, तेवढ्यात नाही जमलं तर दावा आपोआप संपतो, म्हणजे अबेट होतो; तो अबेट रद्द करून घ्यायला पुढे आणखी ६०. पोट दुखलं तर ३०. वादीने काय ते विचारपूर्वक ठरवावं.

आता अर्ज दिला की झालं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने कोर्टाची पायरी चढलेली नाही. अर्जावर आधी प्रतिवादीला नोटीस निघते. नोटीस घेऊन बेलिफ जातो, प्रतिवादी घरी सापडत नाही. पुढची तारीख. प्रतिवादी सापडतो, त्याचा वकील ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला वेळ मागतो. पुढची तारीख. मग ‘से’ येतो: मजकूर खोटा आहे, वादी ठणठणीत होता, त्या दिवशी त्याला खुद्द प्रतिवादीने बाजारात भाजी घेताना पाहिलं. (त्या दिवशी प्रतिवादी कोर्टात हजर होता, असं रोजनामा म्हणतो. त्याच हजेरीवर तर दावा निघाला!) मग अर्जावर युक्तिवादाची तारीख पडते, आणि त्या दिवशी वादी येत नाही. अर्ज गैरहजेरीत निकाली. आता दावा फायलीवर घ्यावा म्हणून दिलेला अर्ज फायलीवर घ्यावा, असा अर्ज. त्याला उशीर झाला तर त्या उशिराच्या माफीचा अर्ज. त्यावर नोटीस, त्यावर बेलिफ, त्यावर ‘से’. बांध कुणाचा हा मूळ प्रश्न कुठल्या कपाटात आहे, हे एव्हाना शिरस्तेदारालाही शोधावं लागतं. आणि बांध तोवर दरसाल नांगराच्या एकेका तासाने सरकतोच आहे; त्याला काही कुणी तहकुबी दिलेली नाही.

बरं, वादी आला नाही म्हणून दावा जातो. पण वादी आला आणि बाकी कुणी आलं नाही तर? पहाटेची एसटी धरून, भाकरी बांधून, हजेरी पाडून माणूस येतो. साहेब रजेवर. साहेबांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत. वकिलांचं कामबंद आहे. साक्षीदार आला तर फाईल सापडत नाही. या प्रत्येकाला रोजनाम्यात एक ओळ मिळते आणि वादीला पुढची तारीख. त्या दिवसाचं ‘पुरेसं कारण’ कुणी कुणाला विचारत नाही, सर्टिफिकीट मागत नाही, एसटीचं भाडं देत नाही. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, असं त्याच संहितेच्या आदेश १७ मध्ये छापलेलं आहे. छापलेलं आहे, एवढंच. नियमाचा बडगा फक्त त्या एका माणसावर, जो दहा वर्षं येत राहिला आणि अकराव्या वर्षी एकदा आला नाही!

खरं तर तो आलाही होता. खाली चहाच्या गाड्यापाशी बसला होता, कारण वकीलसाहेब म्हणाले होते, ‘बोर्ड मोठा आहे, आपला नंबर दुपारनंतर. बसा निवांत.’ वकीलसाहेब स्वतः दुसऱ्या कोर्टात. नंबर लागला सव्वाअकराला. पट्टेवाल्याने व्हरांड्याकडे तोंड करून, जबड्यातला ऐवज न सांडता, आडनाव कसंबसं तीनदा उच्चारलं. वादी वर येईपर्यंत दावा निघाला होता.

याच्याइतकं पुरेसं कारण जगात दुसरं नाही. पण अर्जात ते कधीच येत नाही, कारण अर्ज वकीलसाहेबच लिहितात. अर्जाची फी वेगळी. खर्च भरण्याच्या अटीवर अर्ज मंजूर झाला, तर तो खर्चही वादीनेच प्रतिवादीला द्यायचा. वादी गुपचूप खिशात हात घालतो. वकीलसाहेब टायपिस्टला मजकूर सांगता सांगता थांबतात आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात.

‘मागच्या अर्जात काय लिहिलं होतं? पोटच ना? मग या वेळी कंबर लिहू.’