फांदी नेमकी कोणाच्या कावळ्याने मोडली?

तळमजल्यावरच्या काकू, मोठ्या वन्सं, वन्संचे ह्यूस्टनस्थित चिरंजीव, सकाळच्या डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यातल्या समस्त मैत्रिणी आणि जागेअभावी ज्यांचा उल्लेख करता आला नाही असे सर्व हितचिंतक यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझा उजवा खांदा बरा झाला आहे. हात डोक्यावरून मागे जातो, वेणी घालता येते, वरच्या फळीवरचा साखरेचा डबाही निघतो. मात्र तो बरा केल्याचा मान कोणाचा, यावरून तुमच्यात जी धुसफूस चालू आहे ती माझ्या कानावर आली आहे, आणि ती मिटवणं मला माझं कर्तव्य वाटतं.

काकूंचं म्हणणं, गुण निर्गुडीच्या पाल्याचा. वन्संच्या मते महानारायण तेल नसतं तर मी जन्मभर पंगू राहिले असते. त्यांच्याच चिरंजीवांनी अमेरिकेहून चुंबकाचा पट्टा पाठवला होता, त्यामुळे श्रेयावरून मायलेकांत अबोला आहे. डब्यातल्या खिडकीशेजारच्या मॅडम तर चारचौघींत सांगतात, "मी हिचं दही बंद केलं ना, तेव्हा सुटला खांदा." मी दही बंद केलं नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून डबा उघडताना ते झाकणाआड ठेवत होते, एवढंच.

खांद्याचं मत मात्र अजून कोणीच विचारलेलं नाही.

दुखणं सुरू झालं तेव्हा तुमच्यातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: "पडलात का कुठे?" नाही. "काही जड उचललंत?" नाही. तुमच्या चेहऱ्यावरची निराशा मला दिसत होती, पण माझाही नाइलाज होता. लहानपणी गुडघा फुटायचा तेव्हा त्याला काहीतरी गोष्ट असायची. चिंचेचं झाड असायचं, कोणाचा तरी कुत्रा असायचा. पन्नाशीनंतर माणूस झोपून उठतो आणि मान अवघडलेली असते. गादीची चादर खोचताना कमरेत उसण भरते. शिंक आली म्हणून बरगडीत चमक निघते. असली दुखापत सांगायची तरी कोणाला आणि कशी? म्हणून तुम्ही माझ्यासाठी गोष्टी रचल्यात, त्याबद्दलही आभार. काकूंनी पंख्याला जबाबदार धरलं, मॅडमनी वांग्याच्या भाजीला. वन्संनी नुसतंच "वात" असं म्हटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्या वातामागे माझं कसलं तरी जुनं वागणं असावं.

उसणीवरून आठवलं. आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना जो आधी पायांनी आला त्याने कमरेवर लाथ हाणली की उसण उतरते, असा पक्का समज. त्या उपायाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यात खर्च नव्हता, पथ्य नव्हतं, आणि लाथ मारणारा नंतर वर्षभर श्रेय मागत फिरत नसे. उसण तशीही थोड्या दिवसांत उतरतेच. पण निदान लाथ एकदाच बसायची.

खांद्याचं दुखणं इतक्या लवकर आटोपणारं नसतं. सुरुवातीला रात्रीच जास्त ठणकायचा. त्या कुशीवर वळलं की कळ थेट कोपरापर्यंत. मग हळूहळू हात वर जायचा थांबला, पाठीमागे जायचा थांबला. पाठीमागे हात न जाणं म्हणजे काय, हे पुरुष वाचकांना वाटतं तेवढं सोपं नाही. ब्लाउजची हुकं पुढे असतात, ठीक आहे. आतल्या कपड्याची मागे असतात. तेव्हा रोज सकाळी आमचे हे, ज्यांनी लग्नापासून कधी शर्टाचं बटणही शिवलं नव्हतं, ते वाचायचा चष्मा नाकावर ओढून, श्वास रोखून माझ्या पाठीमागे उभे राहायचे. पहिलं हूक दुसऱ्या कडीत जायचं. मग पुन्हा काढायचं. कुकरची शिट्टी व्हायची, पण ह्यांचं काम चाललेलं असायचं. शेवटी "झालं" म्हणताना त्यांच्या आवाजात जो विजय असायचा तो पोराच्या दहावीच्या निकालालाही नव्हता. तर ते गृहस्थ श्रेयाच्या तुमच्या यादीत कुठेच नाहीत. डब्यात वरची कडी धरता येत नाही हे न सांगता ओळखून रोज दाराच्या आतल्या कोपऱ्यात मला ढकलून जागा करून देणारी ती कोपरची मुलगीही नाही. तिने मला एकही उपाय सांगितला नाही. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

असो. तुमच्या उपायांकडे वळते.

निर्गुडीचा वाफवलेला पाला गरम असेपर्यंत बरा वाटायचा, हे खोटं बोलणार नाही. तेलाने खांदा सुटला नाही, पण चादरी आणि उशीचे अभ्रे मऊ झाले. चुंबकाच्या पट्ट्याला फ्रिजवरची लिंबू-मिरचीची शोभेची जोडी चिकटली, तेवढा त्याचा प्रत्यक्ष परिणाम मी स्वतः पाहिला. गावच्या आत्यांनी बिब्बा तापवून सुईच्या टोकाने खांद्यावर ठिपके द्यायची तयारी केली होती. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. आत्यांच्या स्वतःच्या खांद्यावर त्याचे काळे डाग आहेत, आणि खांदा तरीही दुखतोच. ते डाग बघून मी पळ काढला. तेव्हापासून आत्यांचं म्हणणं असं की, चांगल्या कामात बिब्बा घातला तो मीच.

सर्वांत उदार निघाल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ताई. "माझ्या उरल्यात, घेऊन टाका," म्हणून त्यांनी डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप पर्समधून काढून दिली. ताई, हेच औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली; देशातून जवळजवळ नाहीशीच झाली. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा दणकट असतं, मान्य. पण मला रक्तदाबाची गोळी चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि "रिकाम्या पोटी घेतली तर लवकर लागू पडते" हेही तुम्हीच वर सांगितलंत.

डॉक्टरांकडे मी गेले तेव्हा त्यांनी खांदा बघायच्या आधी साखर तपासायला पाठवलं. इतक्या जणांच्या सल्ल्यात हा एकच सल्ला कोणी दिला नव्हता. खांदा धरणं, म्हणजे ज्याला ते फ्रोझन शोल्डर म्हणतात, ते साधारण ४० ते ६० या वयात गाठतं, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर कितीतरी जास्त. सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं, ते सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं. त्यात वारं शिरत नाही की वांगं शिरत नाही. ते का आक्रसतं हे अनेकदा डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही, आणि माझ्या डॉक्टरांनी ते सरळ कबूल केलं. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे. मग त्यांनी वेळापत्रक सांगितलं: आधी काही महिने दुखणं, मग काही महिने आखडणं, मग हळूहळू सुटणं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. काहींचा हात शेवटी थोडा आखडलेला राहतोही, पण बहुतेकांची कामं अडत नाहीत. सुरुवातीच्या दुखण्यात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही काळ आराम पडतो. आणि व्यायाम.

व्यायाम शिकवला फिजिओथेरपीच्या पोरीने. पुढे वाकायचं, चांगला हात टेबलावर टेकायचा, दुखरा हात नुसता लोंबता सोडायचा आणि अंग हलवून त्याला लहान लहान गोल फिरू द्यायचं. या व्यायामाला कॉडमनचं नाव आहे. अर्नेस्ट कॉडमन हे बॉस्टनचे सर्जन. फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये खांद्यावरच्या आपल्या ग्रंथात दिलं. हे दुखणं समजावून सांगायला अवघड आणि बरं करायलाही अवघड, पण उपचार करा किंवा करू नका, बहुधा दोनेक वर्षांत सुटतं, असं त्यांचं मत होतं.

पण तुम्हाला हे गृहस्थ सांगायचं कारण वेगळंच. उपचार केलेल्या प्रत्येक रोग्याला वर्षभराने पुन्हा गाठून तो खरंच बरा झाला का हे तपासा आणि निकाल जाहीर करा, असा हट्ट त्यांनी धरला होता. हट्ट पटेना म्हणून १९११ मध्ये स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि तिथल्या ३३७ रोग्यांचा हिशेब स्वतःच्या १२३ चुकांसकट छापून टाकला. १९१५ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या भर सभेत त्यांनी एक भलंमोठं व्यंगचित्र उघडलं: वाळूत डोकं खुपसलेलं शहामृग, ते मागे सोन्याची अंडी देतंय, आणि डॉक्टर मंडळी वेचताहेत. शहामृग म्हणजे शहरातले श्रीमंत रोगी. त्यानंतर हार्वर्डमधली त्यांची नोकरी गेली. १९४० मध्ये वारले तेव्हा कबरीवर दगडसुद्धा बसला नाही. तो बसला २०१४ मध्ये, त्यांचं म्हणणं जगाला पटल्यावर.

काकू, जे बॉस्टनच्या डॉक्टरांना रुचलं नाही ते आपल्या बिल्डिंगला रुचावं अशी माझी अपेक्षा नाही. पण हिशेब तरी बघा. निर्गुडी आली तेव्हा दुखणं चढत होतं, म्हणून ती बिचारी नापास झाली. तेल आलं तेव्हा आखडणं चालू होतं. पट्टा आला तेव्हाही तेच. आणि दही बंद झाल्याची घोषणा झाली ती खांदा आपणहून सुटायला लागला त्याच महिन्यात. माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणं शिगेला पोचल्यावरच, आणि शिगेच्या पुढे बहुतेक दुखण्यांना उतारच असतो. त्या उतारावर जो भेटतो तो धन्वंतरी ठरतो. मोठमोठ्या डॉक्टरांचीही यात फार वेगळी गत नाही. इंग्लंडात ५०३ रोग्यांना तीन गटांत वाटून पाहिलं: एका गटावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दुसऱ्याचा खांदा भूल देऊन मोकळा केला, तिसऱ्याला इंजेक्शन आणि फिजिओथेरपी. २०२० मध्ये निकाल छापला, तर वर्षाअखेरीस तिन्ही गट जवळपास एकाच जागी. त्यांनी ते निमूट छापलं, हा तेवढा त्यांच्यात आणि तुमच्यात फरक.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण वेळ थोडा आहे. गेल्या आठवड्यापासून गॅलरीत कपडे वाळत घालताना माझा डावा खांदा दुखू लागला आहे. एक खांदा धरल्यावर काहींचा पुढे दुसराही धरतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ही बातमी मी आधी ह्यांना दिली. त्यांनी काही न बोलता चष्मा पुसून ठेवला.

तेव्हा या खेपेला भांडण नको म्हणून मी असं ठरवलं आहे. इच्छुकांनी आपला उपाय आणि त्याने किती दिवसांत गुण येईल ती तारीख लेखी द्यावी. सगळ्यांच्या चिठ्ठ्या येत्या रविवारी आपल्या भिशीतच काढू. ज्याचा नंबर निघेल त्याने त्या महिन्याचा उपाय करावा आणि माझा खांदा ज्या महिन्यात सुटेल त्या महिन्याच्या मानकऱ्याचा सत्कार गणपतीत स्टेजवर होईल. शाल-श्रीफळ मी देईन. शेवटचे नंबर मिळावेत म्हणून वशिला लावू नये. वन्संनी आणि त्यांच्या चिरंजीवांनी वेगवेगळे अर्ज करावेत. बिब्बा, लाथ आणि दुसऱ्याच्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या यांचे अर्ज बाद समजले जातील. साखर मी परवाच तपासून घेतली आहे, तिचं श्रेय शिल्लक नाही.

पहिल्या चार-सहा महिन्यांचे नंबर ज्यांना येतील त्यांनी मन मोठं ठेवावं.

कळावे, लोभ आहेच; तो थोडा आवरावा, ही विनंती.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची