आधी कॅट, मग पुस्तक

कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल. गुडघ्यांवर आडवी बॅग, तिच्यावर पेपर आणि चौघांचा रंगात आलेला डाव. वासिंद, खडवली कधी मागे पडलं, त्यांच्या गावीही नसतं. आसनगावला चढलेला शहापूरचा एक कॉलेजचा मुलगा त्या दिवशी माझ्या शेजारी बसला. त्याने सॅकमधून पोकरची तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं काढली. "काका, आधी कुठलं वाचू?"

मी म्हटलं, तिन्ही सॅकमध्ये ठेव. घरी पत्त्यांचा कॅट आहे ना?

पोरगं मुरबाडच्या मित्राकडे गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळत वाढलेलं. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरला (एकाच रंगाची पानं) मारतो, पोकरमध्ये कलर सीक्वेन्सला मारतो. असं उलटं का, हे त्याला सांगता येईना. कारण साध्या मोजणीत आहे. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत कलर 1,096 आणि सीक्वेन्स 720, म्हणून सीक्वेन्स दुर्मिळ आणि भारी. पाच पानं धरली की सीक्वेन्स होतात 10,200 आणि कलर 5,108. पारडं फिरलं. एवढं ज्याने स्वतः पडताळलं नाही, त्याच्या हाती जगातलं सर्वोत्तम पुस्तक दिलं तरी तो पाठांतरच करणार. आणि पाठांतरवाला पहिल्याच वाईट रात्री सगळं विसरतो.

आणखी एक गंमत त्याला दाखवली. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, 52 प्रकारे लागतो; प्युअर सीक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची ओळ, 48 प्रकारे. म्हणजे प्युअर सीक्वेन्स जास्त दुर्मिळ, तरी आपण मान देतो ट्रेलला. मोजणारा इथे अडखळतो, आणि अडखळलाच पाहिजे.

आता पुस्तकांचं. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: कुठल्या खेळासाठी लिहिलंय आणि कधी लिहिलंय. त्याच्याकडचं एक डॉइल ब्रन्सनचं 'सुपर सिस्टम', 1979 सालचं. मोठ्या खेळाडूचं मोठं पुस्तक, पण त्यातली आक्रमक चाल नवशिक्याने उचलली की हातातल्या चिप्स तासाभरात संपतात. ते शेवटी. दुसरं डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'थिअरी ऑफ पोकर'. विचार करायला शिकवणारं, पण निरनिराळ्या प्रकारांतली उदाहरणं एकत्र घेणारं. ते दुसरं. तिसरं डॅन हॅरिंग्टनचं 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम', 2004 साली आलेला पहिला भाग, टूर्नामेंटवरचा. लेखक स्वतः 1995 चा जगज्जेता. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी डाव दिलेत: उत्तर झाकून ठेव, आधी आपण ठरव, मग पान उलट. पोरगं फोनवर फुकट चिप्सच्या टूर्नामेंट खेळतं, तेव्हा सुरुवात याच्यापासून.

समोरच्याचा चेहरा कसा वाचावा, ब्लफ कसा मारावा, हे सांगणारी पुस्तकं वर्षभर दुकानातच राहू द्यावीत. दुकानदार तीच पुढे करतो, कारण तीच खपतात. नवशिका ब्लफमुळे फारसा बुडत नाही, तो नको तिथे चाल भरून बुडतो. समज, मधे 200 चिप्स आहेत, समोरच्याने 100 लावल्या. तुला 100 टाकून 300 मिळवायच्यात, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. तुझ्याकडे एका रंगाची चार पानं आहेत, पाचवं हवंय. न दिसलेल्या 47 पानांत त्या रंगाची नऊ. म्हणजे पाचात एकदासुद्धा पुरतं लागत नाही. पुढे आणखी चिप्स मिळायची आशा नसेल तर पॅक हो. हा हिशेब जे पुस्तक पहिल्या शंभर पानांत करून दाखवत नाही, त्याला पैसे देऊ नयेत.

आणि 'हमखास कमवा' असं मुखपृष्ठावर छापलेलं पुस्तक हातातही धरू नये. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला, राज्यातला जुगारबंदीचा कायदा तर 1887 पासूनचा आहे. एक हंगाम भाताचा आणि उरलेलं वर्ष कंपनीतल्या कंत्राटी कामाचं, अशा घरातल्या पोराला कमाईचं गाजर दाखवणारा लेखक मला चोर वाटतो. पोकर शिकावं ते शक्यता मोजायला आणि हरताना डोकं शाबूत ठेवायला. तेवढ्यासाठी चिप्स पुरतात, चिंचोकेसुद्धा पुरतात.

टिटवाळा येईपर्यंत त्याला काम लावून दिलं. कॅट पिसायचा, तीन पानं वाटायची, काय आलं ते वहीत लिहायचं, पानं परत मिसळायची. असं शंभर वेळा. साधारण 74 वेळा काहीच लागणार नाही, 17 वेळा जोडी, पाचेक वेळा कलर, तीनेक वेळा सीक्वेन्स.

या सोमवारी तो वही घेऊनच डब्यात शिरला. जोडी 21, कलर 3, सीक्वेन्स 4, ट्रेल एकही नाही. आकडे जुळत नाहीत म्हणून चेहरा पडलेला.

"काका, चुकलं का माझं?"

"नाही. अजून 400 वाट."

तो बॅगेवरच कॅट पिसायला लागला.