सेल्फला 24, दिव्यांना 12

थंडीत माझी डिझेल जीप सेल्फ मारला की कण्हते, मग गप्प बसते. लगेच तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं धक्का मारायला खाली येतात. त्यांच्या गाड्या बटणावर सुरू होतात. धक्क्याचं मला काही वाटत नाही. "काका, तुम्ही नुसतं बसा," यातलं 'नुसतं' लागतं.

म्हणून 24 व्होल्टचा सेल्फ. गाडी 12 चीच ठेवायची. दोन बॅटऱ्या एरवी पॅरलल, किल्ली फिरवली की तेवढ्यापुरत्या सिरीजमध्ये. मिस्त्रीला मी शास्त्रही ऐकवलं: डिझेलला ठिणगी नसते, हवा वीसेक पट दाबून तापवावी लागते, सेल्फ रेंगाळला की ती ऊब थंड लोखंडच पिऊन टाकतं. बिनतोड युक्तिवाद! पोरांचा विषय मी काढला नाही.

आमच्या मळ्यातल्या इंजिनाला बॅटरीच नव्हती, हँडल होतं. आप्पा व्हॉल्व्हची कळ उचलून धरत, हँडल गरगर फिरवत, वेग आला की कळ सोडत. भक् भक् करत इंजिन पकडे आणि पाटाला पाणी येई. हँडल धरण्याची एक रीत होती. अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटावं, हात घेऊन जाऊ नये. आप्पांचं उजवं मनगट वाकडं होतं. कशानं, ते कधी बोलले नाहीत. माझा अंगठा मात्र दर वेळी स्वतः धरून बाजूला करत. 1912 च्या कॅडिलॅकवर संशोधक केटरिंगचा विजेचा सेल्फ आला तो असल्या मनगटांसाठी. मला तो नाकासाठी हवा होता.

"नवा सेल्फ नको, तर आहे तोच 24 वर चालवू," मी मिस्त्रीला म्हणालो.

"अडला तर करंट दुप्पट, उष्णता चौपट. शिवाय पिनियन रिंगवर आदळून दात पाडेल, ते वेगळंच." मिस्त्रीनं मीटर लावला. "मारा सेल्फ. बघा, बॅटरीवर 11, सेल्फवर 8. मधले 3 कोण खातंय?"

खात होती गंजलेली अर्थिंगची पट्टी. त्यानं ती पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट आवळला. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. मला फार वाईट वाटलं.

"तरीपण 24 चं बघूच की," मी म्हणालो.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "दोन बॅटऱ्या, सेल्फ, स्विच, जाड केबल. आधी तुमची आन् काकूंची पेन्शन सिरीजमध्ये लावा, काका."