नाक राखणारी सीट

शर्यतीच्या सायकलची सीट घडवणाऱ्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. बसण्यासाठी निसर्गाने माणसाला दोन हाडे दिली. या मंडळींनी सीट इतकी निमुळती केली की भार हाडे सोडून मधल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर येतो. आधी मुंग्या, मग बधिरता. बधिर जागा दुखत नाही, म्हणजे आरामच की!

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना नाक, म्हणजे पुढचे निमुळते टोक, कापलेल्या सीटवर बसवून पाहिले आणि पुढे तशाच सीटची शिफारस केली. सुदैवाने जागतिक सायकल संघटनेने नाक राखले. तिच्या नियमानुसार शर्यतीत सीट किमान २४ सेंटीमीटर लांब हवीच. पंच पट्टीने सीट मोजतात. वर बसलेल्याचे दुखणे अवघड जागीचे. ते मोजणे शिष्टाचारात बसत नाही.

शिवाय वजन घटवायला सीटमधली गादी काढली आणि तीच चड्डीत शिवून वेगळी विकली. व्यापारात याला दूरदृष्टी म्हणतात. आमची नम्र सूचना, पुढच्या मॉडेलात सीटही काढावी. नुसता दांडा उरेल, सायकल आणखी हलकी होईल. दांड्याची किमान लांबी संघटना ठरवेलच.