कार्टूनबुवा

नाशिक हे कीर्तन-प्रवचनांचं गाव. पंचवटीतल्या देवळांपासून गंगापूर रोडच्या नव्या सोसायट्यांच्या हॉलपर्यंत कुठे ना कुठे निरूपण चालूच असतं. या परंपरेत अलीकडे एका नव्या बुवांची भर पडली आहे. यांना फेटा नाही, मागे टाळकरी नाहीत, चिपळ्यांच्या जागी गाडीची किल्ली वाजते. वय चाळीस ते पंचेचाळीस. अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी, इंदिरानगरला दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्यावर वीस वर्षांचं कर्ज. विषय कोणताही निघो, तिसऱ्या वाक्याला टॉम किंवा जेरी यायलाच हवा. जुन्या बुवांचा दाखला ज्ञानोबा-तुकोबांपाशी जायचा, यांचा टॉम-जेरीच्या कर्त्या हॅना-बार्बेरांपाशी जातो. अशा माणसाला मी कार्टूनबुवा म्हणतो. प्रत्येक सोसायटीत एक असतो. तुमच्या सोसायटीत दिसला नसेल, तर तो बहुधा तुम्हीच.

आमचे बुवा रंगतात ते रविवारी सकाळी. ही वेळ त्यांनी निवडलेली नाही, ती लहानपणीच अंगात मुरली आहे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर कार्टून लागायची, म्हणून त्या वेळेला अजूनही त्यांना अंथरुणात पडवत नाही. टीव्हीच्या जागी आता मिसळ आली, एवढाच फरक. गावाबाहेरच्या कुठल्याशा मळ्यात, चुलीवरच्या मिसळीपुढे बसून पापड मोडला की पूर्वरंग सुरू. दुसऱ्यांदा रस्सा मागवला की उत्तररंग. जिलेबी हा प्रसाद. श्रोते ठरलेले: मी, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आप्पा, आणि बुवांच्या सौभाग्यवती. त्यांनी हे सगळं लग्नापासून ऐकलेलं असल्यामुळे त्या मटकीकडे लक्ष देतात.

बुवांची दीक्षा झाली १९९३ साली, 'जंगल बुक'मुळे. मालिका मूळची जपानी, तिचं हिंदी गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. जपानी वाघ नानांच्या आवाजात गुरगुरायला लागला की पेपर वाचणारे वडीलही पेपर खाली ठेवायचे. या मालिकेतून बुवा काय शिकले? तर जंगलाचा कायदा. तो कायदा नेमका काय आहे हे त्यांना आजही सांगता येत नाही, पण पार्किंगवरून भांडण झालं की ते तोच काढतात. नाशकाच्या वस्तीत बिबट्या येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मध्यंतरी आमच्या बाजूला आल्याची आवई उठली, तेव्हा सगळी सोसायटी दारं लावून बसली होती आणि बुवा बाल्कनीत. "बघीरा कधी उगाच अंगावर येत नाही," असं ते खालच्या वॉचमनला वरून सांगत होते. चौथ्या मजल्यावरून हे सांगायला सोपं जातं.

मग १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं. केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर वायर टाकली आणि बुवांच्या बालपणात दिवसभर पुरेल एवढं ज्ञान ओतलं. सुरुवातीला सगळा मामला इंग्रजीत. बुवा मराठी शाळेतले. पण आपलं इंग्रजी टॉम अँड जेरीने सुधारलं, असं ते छातीठोकपणे सांगतात. टॉम अँड जेरीत कोणी फारसं बोलत नाही, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "म्हणूनच तर," बुवा म्हणाले, "माझा आत्मविश्वास वाढला."

टॉम हा बुवांच्या निरूपणाचा गाभा. लहानपणी ते जेरीच्या पक्षात होते. सगळीच मुलं असतात. पक्षांतर झालं ते नोकरी लागल्यावर. त्यांचं म्हणणं असं की, टॉमकडे कधी कुणी माणुसकीने पाहिलंच नाही. १९४० सालच्या पहिल्या भागात त्याचं नाव टॉमसुद्धा नव्हतं, जॅस्पर होतं. घर सांभाळणारी बाई त्याला बजावते की आणखी एक वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन. उंदराला हे कळतं आणि तो एकेक वस्तू फोडायला घेतो. "आता सांगा," बुवा पाव बोटांत धरून विचारतात, "ही विनोदी गोष्ट आहे? ही तर माझ्या कारखान्याची हकिकत आहे. बिघाड करणारा वेगळा, मेमो मिळणारा वेगळा." टॉम हा पगारी नोकर आहे. त्याला टार्गेट आहे, वरिष्ठ आहेत, आणि ज्या दिवशी काम जमेल असं वाटतं त्याच दिवशी अंगणातला बुलडॉग जागा होतो. जेरीला काय, भाडं नाही, हप्ता नाही, भिंतीत फुकटचा फ्लॅट. या भागाला आले की बुवांचा आवाज खरोखर भरून येतो. आप्पांनी एकदा विचारलं, "मग तो बोका नोकरी सोडत का नाही?" बुवा म्हणाले, "आप्पा, त्याच्याजागी तुम्ही सोडली असती?" आप्पांनी उत्तर दिलं नाही, रस्सा मागवला.

दुसरा मोठा अध्याय रोडरनरच्या मागे धावणाऱ्या कोयोटचा. हा प्राणी १९४९ पासून एका पक्ष्याच्या मागे लागला आहे आणि अजून उपाशी आहे. सगळं सामान तो ॲक्मे नावाच्या एकाच कंपनीकडून मागवतो. रॉकेट उलटं उडतं, स्प्रिंग त्यालाच मागे खेचते, बॉम्ब त्याच्याच हातात फुटतो, आणि पुढची ऑर्डर पुन्हा ॲक्मेला. "हे आमचं परचेस डिपार्टमेंट," बुवा सांगतात. "सगळ्यात कमी दर त्यांचाच असतो." इथवर मलाही पटतं. पण खरा उपदेश पुढे आहे. कोयोट कड्यावरून पुढे धावत जातो, पायांखाली काही नसतं, तरी तो पडत नाही. पडतो कधी, तर खाली पाहिल्यावर. म्हणून खाली पाहू नये! या तत्त्वावर बुवा बँकेचं पत्र फोडत नाहीत. व्याजदर वाढला की हप्ता तोच ठेवून बँक मुदत वाढवते, हे त्यांना ठाऊक आहे; किती वाढवली, ते ठाऊक करून घ्यायचं नाही. पत्रं सौभाग्यवती फोडतात. म्हणजे त्या घरात खाली पाहण्याचं खातं त्यांच्याकडे आहे.

पैशाचा विषय निघाला की 'डक टेल्स'मधला अंकल स्क्रूज येतो, तिजोरीतल्या नाण्यांच्या ढिगात सूर मारून पोहणारा. बुवांच्या मते पैसा गुंतवण्यासाठी नसतो, पोहण्यासाठी असतो. त्यांना गोदावरीतही पोहता येत नाही, ते सोडा. इथे आप्पा हटकून उसळतात. चलनी नोटांचा छापखाना १९२८ पासून नाशिकरोडला आहे आणि आप्पांची उभी हयात तिथे गेली. "मी पाहिल्यात तेवढ्या नोटा तुमच्या त्या बदकाने पाहिल्या नसतील," ते म्हणतात. "आणि सुटीच्या वेळी गेटवर झडती. पोहायचं कसलं घेऊन बसलात, बोट ओलं होत नाही." यावर बुवांनी एकदा बिनतोड माहिती काढली: मिकी माऊस पडद्यावर झळकला तोही १९२८ सालीच. मिकी आणि आपला छापखाना एका वयाचे! या योगायोगातून नेमकं काय सिद्ध होतं ते कुणालाच कळलं नाही, पण टेबलावर सगळेच खूश झाले.

बाकीचे अध्याय बुवा झटपट उरकतात. फ्लिंटस्टोन्सची गाडी पायांनी ढकलत चालते. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला स्कूटर घेऊन उभं राहिलं की ते दृश्य सहकुटुंब पाहायला मिळतं. पोपाय पालक खातो तो मार खाल्ल्यावर, रोज नाही. तेव्हा व्यायामही गरज पडल्यावरच करावा. ती गरज डॉक्टरांना दोनदा पडली आहे, बुवांना अजून नाही.

मला स्वतःला त्यांचा एकच अध्याय मनापासून मान्य आहे, तो स्कूबी-डूचा. १९६९ पासून चार पोरं आणि एक कुत्रा भुतांच्या मागे फिरताहेत, आणि शेवटी मुखवटा ओढला की आत निघतो माणूस. पुष्कळदा असा, ज्याला ती जागा हवी असते. बुवांचं म्हणणं, हे कार्टून नाहीच, हा जमीनव्यवहाराचा पाठ्यक्रम आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात रात्री पैंजण वाजतात म्हणून बोंब उठली, की वाड्याच्या मालकाने मांत्रिकाकडे जाऊ नये, आधी सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाऊन उतारा काढावा आणि शेजारचा प्लॉट नुकताच कुणी घेतला ते पाहावं. कुंभमेळा जवळ आला आणि रस्तारुंदीच्या गप्पा सुरू झाल्या की भुतांची संख्याही वाढते, असं त्यांचं निरीक्षण आहे. सातबाऱ्यावर भुताचं नाव कधी चढत नाही, पुतण्याचं चढतं. हे ज्ञान मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

एवढं झाल्यावरही आप्पांचा एक आक्षेप उरतो: ही सगळी परदेशी सोंगं, यात आपलं काय? बुवा याच प्रश्नाची वाट पाहत असतात. मग दादासाहेब फाळके येतात. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी चित्रपटांचा कारखाना नाशकातच आणला. आणि १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाची फिल्म केली: एकेक काडी हलवायची, एकेक चौकट टिपायची, की पडद्यावर काड्या आपल्या आपण नाचू लागतात. मिकीच्या तेरा वर्षं आधी! "आम्ही काड्या केल्या त्या सगळ्या फाळक्यांच्या परंपरेत," बुवा छाती पुढे काढतात. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात बुवांनी एकदा तिकीट देणाऱ्याला आगकाड्यांबद्दल बरीच माहिती पुरवली. मागे शाळेची सहल रांगेत उभी होती.

आता इतकी वर्षं ऐकून माझं मत झालंय ते सांगतो. कार्टूनने बुवांना काही शिकवलेलं नाही. बुवा आधी आपल्या मनासारखं वागून मोकळे होतात, मग त्याला आधार म्हणून एखादं मांजर, कोल्हा किंवा बदक उभं करतात. बँकेचं पत्र त्यांनी कोयोट आठवण्यापूर्वीच फ्रिजवर ठेवलेलं असतं. यात बुवांना दोष देण्यासारखं काही नाही. आमचे आजोबा दुपारी दोन तास झोपायचे आणि त्याला वामकुक्षी म्हणत शास्त्राचा आधार द्यायचे. शास्त्रात डाव्या कुशीवर थोडा वेळ, एवढंच होतं. घोरण्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

बुवांना या क्षेत्रात एकच प्रतिस्पर्धी आहे, त्यांची मुलगी. ती डोरेमॉनच्या पिढीतली. जपानी बोका, पोटाला खिसा, खिशात हवं ते यंत्र. आणि नोबिता नावाचा मुलगा, अभ्यासात शून्य, पळण्यात शून्य, रडण्यात पहिला. बुवांना हे कार्टून मान्य नाही. "यात कष्टच नाहीत," ते म्हणाले. "आमचा टॉम बघ. हरतो, पण रोज कामावर येतो." मुलगी मिसळीतली शेव वेचून खात होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तू टॉम नाहीस. तू नोबिता आहेस. सगळं कुणीतरी खिशातून काढून द्यावं असं तुला वाटतं. आणि आपल्या घरातला डोरेमॉन आई आहे." सौभाग्यवतींनी त्या दिवशी पहिल्यांदा मटकीवरून नजर काढली आणि मुलीसाठी एक जास्तीची जिलेबी मागवली.

बुवांच्या विद्येची खरी कसोटी मात्र या पावसाळ्यात लागली. पार्किंगमध्ये उंदीर झाले. मोटारींच्या वायरी कुरतडल्या जाऊ लागल्या, आप्पांची गाडी दोनदा गॅरेजला गेली. सोसायटीची तातडीची सभा भरली आणि कुणीतरी म्हणालं, या विषयातला अभ्यासू माणूस आपल्यातच आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. बुवांनी जबाबदारी गंभीरपणे घेतली. भद्रकालीतून पिंजरा आणला, त्यात चीजचा क्यूब लावला, वर थोडी मिरेपूड. रात्री दोन वेळा टॉर्च घेऊन पाहून आले. चीज जसंच्या तसं. शेजारी बुवांच्याच गाडीची वायर मात्र अर्धी संपलेली. दुसऱ्या रात्री चीज बदलून पाहिलं, कंपनी बदलून पाहिलं. उंदराने ढुंकूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या रात्री वॉचमन म्हणाला, "साहेब, आपला उंदीर चीजला काय करील? ह्याला कांदाभजं लावा." स्वतःच्या पुडीतलं अर्धं भजं त्याने हुकला अडकवलं. पहाटे पिंजऱ्यात चांगला वीतभर लांबीचा, मिशाळ ऐवज बसला होता.

त्याला मारायला बुवांचं मन होईना. टॉमच्या बाजूचा माणूस, तरी होईना. शेवटी दोघे पिंजरा घेऊन रस्त्यापलीकडे गेले. पलीकडच्या सोसायटीशी आमचा पाण्याच्या टँकरवरून जुना वाद आहे, त्यामुळे जागेची निवड फार अवघड गेली नाही. ते परत आल्यावर मी वॉचमनला विचारलं, एवढा वेळ का लागला.

"सोडायच्या आधी साहेब पाच मिनिटं त्याच्याशी बोलत होते," तो म्हणाला. "काय ते मला नाही समजलं. इंग्रजीत बोलत होते."